तुरुंगाबाहेरचा पहिला पंधरवडा

धुळ्याच्या कारागृहाचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने कोरले गेले आहे. १९३२ साली तेथे बंदिवासात असताना विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात एकेकाळी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या काळातील सत्याग्रही सुटून आले की गाव त्यांच्या स्वागताला जमत असे. शिक्षा हे त्यांच्या बाबतीत भूषण होते. परतीची वाट त्यांच्यासाठी गावानेच मोकळी करून ठेवलेली असे.

सामान्य बंद्याची सुटका अशी होत नाही. हातात कापडी पिशवी, खिशात जेमतेम प्रवासापुरते पैसे आणि मनात घर आपल्याला घेईल की नाही ही धाकधूक, अशा अवस्थेत तो दरवाजाबाहेर पाऊल टाकतो. कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी त्याचा बंदिवास संपलेला असतो. तो पुन्हा सुरू होणार की नाही, हे मात्र पुष्कळदा पुढील पंधरा दिवसांत घडणाऱ्या अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते. न्यायालयाची चुकलेली एक तारीख, तुटलेला औषधोपचार, शिधापत्रिकेवरून गेलेले नाव, पहिल्याच रात्री भेटलेली जुनी संगत, घाईने घेतलेली उचल यांतून माणूस परत त्याच दाराशी जाऊन पोहोचतो. विशेष ध्यानात घ्यावयाची बाब ही की, यांतील एकही गोष्ट कारागृहाच्या अधिकारात नसते. ती ग्रामपंचायत, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, तहसील कार्यालय आणि पोलीस पाटील यांच्या अखत्यारीतील असते. सुटून आलेल्या माणसाचा प्रश्न हा केवळ पोलीस खात्याचा प्रश्न नव्हे, हे त्यामुळेच समजून घेणे अगत्याचे आहे.

हा काळ किती नाजूक असतो याचा एक पुरावा परदेशातील अभ्यासात मिळतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ व्यक्तींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या व्यक्तींच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट असल्याचे त्यात आढळले. मादक द्रव्यांचे अतिसेवन हे त्याचे प्रमुख कारण होते. खानदेशातील परिस्थिती वेगळी आहे, हे खरे. तथापि माणूस सर्वांत एकाकी व असुरक्षित असतो तो सुटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष येथेही विचारात घेण्यासारखा आहे.

सुटका एकाच प्रकारची नसते

गावात कोणी सुटून आला की "शिक्षा भोगून आला" असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात वस्तुस्थिती बहुधा वेगळी असते. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध व्हावयाचे होते. जिल्हा कारागृहांत तर प्रामुख्याने असेच बंदी असतात. जळगाव किंवा धुळे येथील कारागृहातून परतणारा माणूस बहुतेक वेळा जामिनावर सुटलेला असतो. दीर्घ मुदतीची शिक्षा झालेल्यांना सर्वसाधारणपणे नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी पाठविण्यात येते.

सुटकेचे मुख्य प्रकार चार होत. पहिला, शिक्षा पूर्ण करून झालेली सुटका. दुसरा, जामिनावरील सुटका. तिसरा, न्यायालयाने निर्दोष ठरविल्याने झालेली मुक्तता. चौथा, १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर झालेली सुटका. शिक्षा भोगून आलेल्याचे न्यायालयाशी असलेले देणे संपलेले असते. जामिनावर आलेल्याचे ते अजून चालू असते. निर्दोष सुटलेल्यावर तर कोणताही डाग उरत नाही आणि त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. परिविक्षेवर सोडलेल्या व्यक्तीला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असे त्याच अधिनियमाच्या बाराव्या कलमात म्हटले आहे. दाखला देणाऱ्या किंवा कामावर घेणाऱ्या अधिकाऱ्याने यांतील भेद जाणला नाही, तर नकळत अन्याय घडतो.

दरवाजापासून घरापर्यंत

सुटकेच्या वेळी बंद्याला प्रवेशाच्या दिवशी जमा करून घेतलेल्या वस्तू, खात्यावरील शिल्लक रक्कम व सिद्धदोष असल्यास केलेल्या कामाचे वेतन परत मिळते. गरजूंना वाटखर्च देण्याचीही नियमांत तरतूद आहे. या वेळी सुटकेचा दाखला मागून घेणे आणि तो जपून ठेवणे अत्यंत आवश्यक असते. पुढे शिधापत्रिका, बँक किंवा रुग्णालय येथे "इतके दिवस कोठे होता" या प्रश्नाचे तेच एक लेखी उत्तर असते. अनेकजण दरवाजावर आपला मोबाइल मागतात व तो मिळाला नाही म्हणून संतापतात. अटकेच्या वेळी पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केलेली वस्तू कारागृहाकडे नसते. ती परत मिळविण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, ही माहिती आधीच दिली गेल्यास व्यर्थ हेलपाटे वाचतात.

जामिनाचा आदेश कारागृहात दिवस उतरता पोहोचला, तर सुटकाही उतरत्या दिवशीच होते. रावेर, यावल किंवा चोपड्याकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी जाणारी, अथवा साक्री व शिरपूर तालुक्यांच्या आडभागातील शेवटची एस.टी. तोवर निघून गेलेली असते. नाशिक रोडहून सुटलेल्यास चाळीसगाव, पाचोरा, जळगावमार्गे रेल्वे आहे. धुळ्यासाठी चाळीसगावहून शाखा मार्ग किंवा मालेगावमार्गे एस.टी. आहे. पण स्थानकात उतरल्यावर पुढच्या वीस मैलांची सोय नसते. अशी एक रात्र बसस्थानकावर काढावी लागली की, ओळखीचा पहिला माणूस भेटतो तो बहुधा जुन्या संगतीतला. नातेवाइकांना सुटकेचा दिवस अगोदर कळविणे आणि कोणीतरी न्यावयास येणे, हा यावरील सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. घरचे असमर्थ असतील तर पोलीस पाटलाने किंवा पंचायत सदस्याने हे काम करण्यात कमीपणा नाही.

जामीन मंजूर होऊनही काहीजण आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी महत्त्वाचे निर्देश दिले. जामीन मिळाल्यापासून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावयाचे आहे. एक महिन्यात जामीनदार हजर न झाल्यास न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. केंद्र शासनाने २०२३ साली गरीब बंद्यांसाठी साहाय्य योजना सुरू केली. तीत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत व दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची मर्यादा त्या वेळी ठरविण्यात आली होती. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल, तर त्याच्या सुटकेची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात आहे. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले आरोपी यांना मात्र ती लागू नाही.

तारीख : विसरली तर सर्व गेले

जामिनावर सुटलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने पहिल्या पंधरवड्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे न्यायालयाची पुढील तारीख. ती चुकली की अजामीनपात्र वॉरंट निघू शकते, मुचलका जप्त होऊ शकतो, जामीनदाराला नोटीस जाते आणि हजर न राहणे हाच एक स्वतंत्र गुन्हा ठरतो. ज्या चुलत्याने किंवा शेजाऱ्याने आपला सात-बारा पुढे करून जामीन घेतलेला असतो, तोच अडचणीत येतो. त्यानंतर दुसऱ्यांदा जामीन राहण्यास गावात कोणी पुढे येत नाही.

तारीख चुकण्याचे कारण दरवेळी बेफिकिरी हे नसते. आदेशाची भाषा कायद्याची, तर घरची बोली अहिराणी, लेवा गणबोली, पावरी किंवा भिली. पोलीस ठाण्यात हजेरी दर आठवड्याला आहे की पंधरवड्याला, तालुक्याबाहेर जाण्यास परवानगी लागते की नाही, हे पुष्कळांना नीट उमगलेले नसते. गावातील शिक्षकाने किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने आदेश वाचून त्यातील अटी सोप्या बोलीत समजावून सांगितल्या आणि तारखा घरातील दिनदर्शिकेवर खुणावून दिल्या, तर दहा मिनिटांच्या कामाने एका कुटुंबावरील मोठे संकट टळते. प्रत्येक खटल्याला सोळा अंकी-अक्षरी सी.एन.आर. क्रमांक असतो. तो ठाऊक असल्यास पुढील तारीख ई-न्यायालय सेवेवर गावातील आपले सरकार सेवा केंद्रातूनही पाहता येते.

वकील करण्याची ऐपत नसलेल्यांनाही वाट आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक मोफत विधी साहाय्यास पात्र असतात. जळगाव व धुळे येथील जिल्हा न्यायालयांच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कार्यालये आहेत. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे.

कागदपत्रे आणि क्रमांक

वर्ष-दोन वर्षे बाहेर नसलेल्या माणसाचा कागदोपत्री जणू लोप झालेला असतो. बँक खात्यात दोन वर्षे व्यवहार नसले की ते निष्क्रिय ठरते. काही महिने वापर नसलेला मोबाइल क्रमांक बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच कोणाला दिला जातो. आधाराशी तोच क्रमांक जोडलेला असेल, तर परवलीचा आकडा परक्याच्या हाती जातो आणि बँक, शिधा, रोजगार ही सर्वच कामे अडून राहतात. शिधापत्रिकेच्या पडताळणीला अंगठा देण्यास तो हजर नसल्याने त्याच्या नावाचे धान्यही थांबलेले असू शकते.

यावरील क्रम साधा आहे. प्रथम नवा मोबाइल क्रमांक, नंतर तो आधाराशी जोडणे, त्यानंतर बँकेत ओळखपत्रे देऊन खाते चालू करणे व शेवटी पुरवठा कार्यालयात शिधापत्रिकेची दुरुस्ती. हा क्रम उलटा झाला तर प्रत्येक खिडकीवरून माणूस मागे पाठविला जातो. ग्रामपंचायतीने रहिवासी दाखला विनाविलंब दिल्यास अर्धे काम सोपे होते. मतदानाबाबतही एक गैरसमज आढळतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने मतदानास मनाई केली आहे ती कारागृहात असलेल्या व्यक्तीला. बाहेर आलेल्या माणसाचे नाव मतदार यादीत असल्यास तो मतदान करू शकतो.

औषध आणि व्यसन

कारागृहात अनेकांचे क्षयरोगाचे निदान होते व तेथेच उपचार सुरू होतात. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. तिसऱ्या महिन्यात सुटलेल्या रुग्णाने गोळ्या सोडल्या, तर आजार उलटतो व औषधांना दाद न देणारा होण्याचा धोका संभवतो. त्याचा उपद्रव एका घरापुरता राहत नाही. रुग्णाची निक्षय नोंद एकच असते व ती कोणत्याही शासकीय आरोग्य केंद्रात पुढे चालू करता येते. औषधे मोफत मिळतात. म्हणून कारागृहाच्या वैद्यकीय कागदांसह आठवड्याच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणे महत्त्वाचे होय. एच.आय.व्ही., मधुमेह, रक्तदाब, फेफरे आणि मानसिक आजार यांवरील गोळ्यांनाही हाच नियम लागू पडतो.

मद्यपानाविषयी विशेष सावधगिरी हवी. काही महिने दारूशिवाय राहिलेल्या शरीराची ती सोसण्याची शक्ती घटलेली असते. अशा वेळी "सुटलास, आज बसू या" म्हणून मित्रांनी पूर्वीच्याच प्रमाणात हातभट्टीची पाजली, तर ती जिवावर बेतू शकते. शिवाय पहिल्याच रात्रीच्या नशेत जुन्या वैराची आठवण निघते आणि नवा गुन्हा घडतो. झोप न येणे, दार बंद झाले की दचकणे, गर्दीत गुदमरणे, कोणाशी न बोलणे, विनाकारण चिडणे ही लक्षणे सुटकेनंतर आढळतात. ती खोडसाळपणाची समजू नयेत. काही आठवड्यांत ती ओसरली नाहीत किंवा जीव देण्याची भाषा निघाली, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग व टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी पडतो.

उचल नव्हे, काम

बाहेर आलेल्या माणसाला सर्वांत आधी दिसते ते कर्ज. वकिलाची फी, जामिनाचा खर्च, भेटीसाठीचे प्रवास यांपायी शेळ्या विकलेल्या असतात, घरातील डाग गहाण पडलेला असतो, विकास सोसायटीचे हप्ते थकलेले असतात. अशा वेळी ऊसतोडीचा मुकादम उचल घेऊन दारात उभा राहतो. चाळीसगाव तालुक्यातील तांड्यांवरून तसेच साक्री, शिरपूरकडील पाड्यांवरून अनेक कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व दक्षिण गुजरातेत जातात. हाती रोख रक्कम पडते, कर्ज फिटते. पण हंगामभर फडावर अडकलेल्या माणसाला तारखेसाठी परतता येत नाही. जामीन मोडतो आणि उचलही अंगावर राहते. जामिनावर असलेल्याने उचल घेण्यापूर्वी आपल्या तारखा व बाहेर जाण्याविषयीच्या अटी वकिलाला दाखवाव्यात. गरज असल्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी किंवा हजेरीतून सूट मागावी.

त्याहून बरा मार्ग म्हणजे गावाजवळचे काम. रावेर-यावल पट्ट्यातील केळीची कापणी व भराई, कापसाच्या हंगामात जिनिंग-प्रेसिंग, जळगावातील डाळ मिल व चटई कारखाने, धुळ्यातील यंत्रमाग येथे रोजंदारी मिळते. यंत्रमाग, सुतारकाम, शिवणकाम अशी कामे कारागृहातही शिकविली जातात. महाराष्ट्राने रोजगाराची हमी कायद्याने दिली ती १९७७ च्या अधिनियमान्वये, देशाच्या कितीतरी आधी. त्या कामावर नाव नोंदविण्यास पूर्वीची शिक्षा आड येत नाही. काम मागणाऱ्याचा अर्ज स्वीकारून त्याला पोच देणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य होय. पहिल्या आठवड्यातील मजुरी किती मिळते यापेक्षा, दिवस उगवल्यावर कोठे जावयाचे हे ठरलेले असणे अधिक मोलाचे ठरते.

घरातील माणसे

सुटकेचा दिवस घरच्यांच्या कल्पनेत फार गोड असतो. प्रत्यक्षात अवघडलेपण येते. पत्नीने एकटीने घर चालविलेले असते, निर्णय घेतलेले असतात. परतलेला पती जुना अधिकार मागू लागतो आणि खटके उडतात. तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या बंद्याच्या पत्नीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ मिळू शकतो. पालक कारागृहात असलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेत साहाय्य मिळू शकते. कर्ता माणूस परतला की या लाभांचा आधार उरत नाही. खाणारे तोंड वाढते त्याच सुमारास घरात येणारा पैसा घटतो. हा हिशेब आधीच मांडून ठेवला तर "तू आलास आणि हाल वाढले" हे कडू वाक्य टळू शकते.

मुलांची स्थिती सर्वांत नाजूक असते. बाप मुंबईला कामाला गेला आहे, असे लहान मुलाला सांगितलेले असते. शाळेत मात्र सत्य भलत्याच तोंडून कळते. शिक्षकांनी अशा मुलाला वर्गात वेगळे दाखवू नये, त्याच्या वडिलांविषयी इतरांसमोर चौकशी करू नये आणि चिडविणाऱ्यांना वेळीच आवरावे. मुलाची गैरहजेरी वाढली, वह्या अपुऱ्या राहू लागल्या, तर घरी एक फेरी मारावी. पालक सभेला किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करण्यास त्या वडिलांना इतर पालकांसारखेच बोलावणे, ही शाळेने दिलेली सर्वांत मोठी ओळख ठरते.

स्त्री बंद्यांचा प्रश्न याहून बिकट असतो. पुरुष सुटला की आई-बायको वाट पाहत असते. स्त्री सुटली की सासर व माहेर दोन्ही दारे बंद असू शकतात, आणि मुले नातेवाइकांकडे विखुरलेली असतात. अशा स्त्रियांसाठी निवाऱ्याची तरतूद पूर्वी स्वाधार गृह योजनेत होती. २०२२ पासून ती शक्ती सदन या नावाने चालविली जाते. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय तसेच १८१ हा मदत क्रमांक यांमार्फत ही सोय मिळविता येते.

गावाची कसोटी

ज्या गावात गुन्हा घडला किंवा घडल्याचा आरोप झाला, त्याच गावात फिर्यादीचेही घर असते. त्या कुटुंबाच्या मनातील भीती व दुःख खरे असते आणि त्यांना सुरक्षिततेचा पूर्ण हक्क असतो. येथे सरपंच व तंटामुक्त समितीच्या सदस्यांनी एक दक्षता घ्यावी. जामिनावर असलेल्या व्यक्तीला साक्षीदार किंवा फिर्यादी यांच्याशी संपर्क न ठेवण्याची अट असू शकते. अशा वेळी सद्‌हेतूने दोघांना एकत्र बसविणे हेही अटीचा भंग किंवा साक्षीदारावरील दबाव ठरू शकते. समेट घडवून आणण्यापूर्वी आदेश वाचावा. तोवर दोन्ही घरांना वेगवेगळे भेटून शांत ठेवावे, पाणवठा व रस्ता यांवर सामना होणार नाही असे पाहावे आणि धमकी आल्यास पोलीस ठाण्यास तत्काळ कळवावे.

काही समाजांत सुटून आलेल्या माणसाकडून जातपंचायत दंड किंवा गावजेवण मागते व ते न दिल्यास कुटुंबाला वाळीत टाकले जाते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे आणि त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवर आणखी एक शिक्षा लादण्याचा अधिकार कोणत्याही पंचाला नाही.

विमुक्त जमातींच्या बाबतीत हा संशय आणखी जुना आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो डाग ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्यातून पुसला गेला. लोकांच्या मनातून तो पूर्णपणे गेला असे म्हणता येत नाही. गावात कोठेही चोरी झाली की पहिली चौकशी पारध्याच्या झोपडीत होत असेल, तर तेथील सुटून आलेला तरुण किती दिवस मजुरीवर टिकेल, याचा विचार व्हावयास हवा. कारागृहांच्या नियमांतील जातीवर आधारलेले भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या निर्णयाने घटनाबाह्य ठरविले. जो भेद कारागृहाच्या आत चालणार नाही, तो गावात चालविणे योग्य ठरणार नाही.

यंत्रणा कोणती ?

बंद्याच्या अनुरक्षणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ साली उभारलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत बंदी कुटुंबासह राहून शेती करीत. त्याच प्रयोगाच्या प्रेरणेने १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निर्माण झाला. स्वातंत्र्योत्तर काळात एम. एस. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनुरक्षण सेवांचा विचार केला. १९८० ते १९८३ या काळात काम केलेल्या न्यायमूर्ती मुल्ला समितीनेही सुटकेनंतरच्या पुनर्वसनावर भर दिला. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. शिक्षा भोगत असतानाच कुटुंबाच्या गरजेसाठी ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देणारी 'जिव्हाळा' योजना महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवडा कारागृहात सुरू केली.

जिल्हा पातळीवर या कामाचा दुवा म्हणजे परिविक्षा अधिकारी. ते महिला व बालविकास विभागाच्या अधिपत्याखाली काम पाहतात. मुक्त बंद्यांना लहान व्यवसायासाठी आर्थिक साहाय्य देण्याच्या योजनेची माहिती व अर्ज त्यांच्याकडेच मिळतो. खेदाची बाब ही की, हे पदनाम खेड्यात फारसे कोणाला ठाऊक नाही. गावच्या दर्शनी फलकावर तहसीलदार, ठाणेदार यांच्या क्रमांकांसोबत परिविक्षा अधिकारी व विधी सेवा प्राधिकरण यांचेही क्रमांक लिहिले गेले, तर पुष्कळ काम सुकर होईल. दीर्घ शिक्षेतील बंदी संचित किंवा अभिवचन रजेवर गावी येतो, ती खरे तर सुटकेची रंगीत तालीम असते. घर कोणत्या स्थितीत आहे, काम कोठे मिळेल, कोणाशी वाकडे आहे, हे त्याच वेळी पाहून ठेवणे शहाणपणाचे होय.

पंधरा दिवसांचा आराखडा

ग्रामपंचायतीने ठरविले तर या कामास वेगळा निधी वा नवा कर्मचारी लागत नाही. पहिल्या दिवशी माणूस सुखरूप घरी पोहोचला याची खात्री करावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटकेचे व जामिनाचे कागद वाचून अटी आणि तारखा समजावून द्याव्यात. पहिल्या आठवड्यात आरोग्य केंद्राची भेट, मोबाइल क्रमांक व रहिवासी दाखला ही कामे व्हावीत. दुसऱ्या आठवड्यात बँक, शिधापत्रिका व कामाची नोंदणी पार पडावी. मुलांच्या शाळेशी एकदा बोलणे व्हावे. या सर्वांसाठी एकच जबाबदार व्यक्ती नेमलेली असावी, कारण दहा जणांनी केलेली सहानुभूती शेवटी कोणाच्याच हिशेबी राहत नाही.

सुटून आलेल्या प्रत्येकाची पुढील वाटचाल सरळच होईल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. काही पुन्हा चुकतील व त्यांना कायद्यास सामोरे जावे लागेल. परंतु एखादा माणूस केवळ तारीख कळली नाही, गोळ्या संपल्या किंवा दाखल्यासाठी आठ दिवस हेलपाटे मारावे लागले म्हणून पुन्हा गजाआड जात असेल, तर तो दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. न्यायालयाने मोजून दिलेली शिक्षा मोजून संपली पाहिजे. ती गावाच्या वेशीवर आणखी लांबणार नाही, हे पाहणे गावकारभाऱ्यांच्या हाती आहे.